अल्बमातलं रेडकू

आमच्या संदीपचा सॅक्सोफोनचा नवा अल्बम आला, त्या सकाळची गंमत सांगते. घरात अल्बम लावला आणि दारात धार काढून द्यायला आलेल्या बापू गवळ्यांची म्हैस रेकायला लागली. त्यांचं रेडकू आदल्या दिवशीच हरवलेलं.

"वहिनी, खरं सांगा, आत काय बांधलंय?"

"अहो, संदीपचा सॅक्सोफोन आहे. तो नवेनवे प्रयोग करतो."

"गाणं असं असतंय व्हय?" म्हणत बापू आत आले आणि पलंगाखाली वाकले. तेवढ्यात बाहेर म्हशीनं पान्हा सोडला. बापू बादलीकडं पळाले, "बंद करू नगासा!"

रेडकू संध्याकाळी सापडलं. तरी बापू रोज अल्बम लावायला सांगतात आणि आधी पलंगाखाली बघतात.

"तुमच्यावर विश्वास हाय की वहिनी. पण म्हैस कशी फसंल?"