सत्कार आधी, निकाल मागून

दामिनी : नापास झाली, बाबा.

रामराव : भगवंता, काच वर घे. हवा लय येऊन राहिली.

दामिनी : बाबा, निकाल पाह्यला मी. नापास.

रामराव : यंदा या पट्ट्यात तुरी बऱ्या दिसतात.

(रविवार सकाळ. अकोल्याहून अमरावतीला निघालेली भगवंतकाकांची व्हॅन. काका गाडी चालवताहेत, शेजारी रामराव ताथोड. मागे त्यांची मुलगी दामिनी, आणि तिच्याभोवती सत्कार समारंभाची खोकी. मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं आहे.)

भगवंत : निकाल लागला? कधी?

दामिनी : काल संध्याकाळी. उघडला आत्ता. मूर्तिजापूरले रेंज आली आन हिंमतबी तथीच आली.

रामराव : निकाल लागलाच नाई. आज रविवार हाये. रविवारी कोणता निकाल लागते?

दामिनी : काल शनिवार होता.

रामराव : शनिवारी हाफ डे असते.

भगवंत : दादा, एक मिनिट. सदर बाब गंभीर आहे. दामिनी, तुझ्या मांडीवर जे खोकं आहे ते उघड. वरच्या स्मृतिचिन्हावर काय लिहिलं आहे?

दामिनी : 'डॉ. दामिनी रामराव ताथोड. विदेशातून वैद्यकीय पदवी संपादन करून भारतातील परवाना परीक्षा प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण झाल्याबद्दल.' काका, प्रथम प्रयत्नात? माया हा तिसरा होता.

भगवंत : ते शोभेसाठी. मुद्दा असा की ते कोरलेलं आहे. स्टिकर असतं तर काढता आलं असतं.

दामिनी : कोरलं कधी?

भगवंत : दिवाळीत.

दामिनी : परीक्षा तं जानेवारीत झाली.

भगवंत : गुणवंत सत्कार समितीची कार्यपद्धतीच तशी आहे. सत्कार आधी, निकाल मागून. प्रमुख पाहुण्यांची तारीख वर्षातून एकदा मिळते, निकाल काय वर्षभर लागत राहतात. तुझं नाव बैठकीत आलं तेव्हा सर्वानुमते असं ठरलं की तिसऱ्या वेळेला कोणीही पास होतेच. सूचक श्रावणराव, अनुमोदक डोमाजी.

दामिनी : म्हणजे मी पास झाल्याचा ठराव हाये तुमच्याजवळ?

भगवंत : एकमताने. इतिवृत्तात नोंद आहे.

रामराव : पाह्य. झाली ना मंग पास.

दामिनी : बाबा, श्रावणरावाच्या ठरावावर लायसन्स नाई भेटत. किर्गिझस्तानात सहा वर्षं शिकून आली मी. बर्फात उभी राहून हाडायची नावं पाठ केली. पन ही परीक्षा पास झाल्याबिगर मी इथं डॉक्टर नाई. तथून घरी परत आलेली एक पोट्टी हाओ, बस.

भगवंत : तू धीर सोडू नकोस. याला पूर्वउदाहरण आहे. स्वप्निल.

दामिनी : तेल्हाऱ्याचा? बस स्टँडजवळ रसवंती हाये तो?

भगवंत : तोच. समितीनं त्याचा फौजदार म्हणून सत्कार केला होता. पुढे निकालात त्याचं नाव आलं नाही. परंतु शाल पांघरलेला फोटो त्यानं रसवंतीत लावला, तेव्हापासून आख्खा तालुका त्याला साहेब म्हणते. परवा शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून दोन भाऊ त्याच्याकडे गेले. त्यानं दोघांना रस पाजला, दटावलं, भांडण मिटलं. खऱ्या ठाण्यात अजून पंचनामा चालला असता.

रामराव : चांगलं पोट्टं हाये. बर्फबी कमी टाकते.

दामिनी : काका, त्याच्याकडं लोक भांडण घेऊन येतात. मायाकडं छातीत कळ घेऊन येतील.

रामराव : तं पाहायचं. तुले येते ना?

दामिनी : येते. म्हणूनच नाई पाहायचं. लायसन्सबिगर एक गोळी देली तरी मी बोगस डॉक्टर. पेपरात फोटो येईन, तुमच्याच शालीसकट.

भगवंत : मग दुसरा पर्याय. या खोक्यात आरतीचंही स्मृतिचिन्ह आहे. रांगोळीत राज्यात दुसरी. आपण अदलाबदल करू. तू आरतीचं घे, ती तुझं घेईल.

दामिनी : म्हणजे मी रांगोळीत दुसरी आन आरती डॉक्टर?

भगवंत : तात्पुरती. आरती समजदार आहे, ती कोणाला गोळी देणार नाही.

दामिनी : मले रांगोळीतला ठिपकाबी धड देता येत नाई.

भगवंत : ते स्टेजवर कोण तपासते?

रामराव : भगवंता, असं काई करायचं नाई. तिचं नाव कोरलं हाये, तेच ती घेईन. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, खाली उतरायचं. तिच्या मावशीकडं राजापेठेत जाऊन जेवायचं. झालं.

दामिनी : आन उद्या?

रामराव : उद्याचं उद्या.

दामिनी : पहिल्या खेपेले नापास झाली तवा तुमी कूलर खोलून बसले. भर थंडीत. दुसऱ्या खेपेले जठारपेठेतल्या घराची पुढची खोली दवाखान्यासाठी म्हणून टाईल्स बसवून घेतली. पेशंटले झोपवायचं टेबल आणलं. त्याच्यावर आता आई कुरड्या वाळवते. माया नावाची पाटी पोत्यात गुंडाळून ठेवली हाये, आन तुमी पोत्याच्या आत हात घालून रोज पुसता ते. तिसऱ्या खेपेले तुरी पाहून राहिले. एक डाव तोंडानं म्हणा ना.

रामराव : काय म्हणू?

दामिनी : नापास.

रामराव : मी काहून म्हणू? मी म्हटलं का मंग ते झालं समज. अजून म्या म्हटलं नाई.

दामिनी : तुमच्या म्हणण्यावर ते चाललं असतं तं मी पहिल्याच खेपेले पास असती.

रामराव : तुले समजत नाई. कृषी केंद्रवाला मले आता रामराव नाई म्हणत. 'या डॉक्टरचे बाप' म्हणते. खुर्ची देते. पह्यले पोत्यावर बसवत होता. बँकेत, चौकात, सगळीकडं तेच. त्यायले काय सांगू मी आता?

दामिनी : पोत्यावर बसतो म्हणावं.

रामराव : तोंड चालते तुयं लय.

दामिनी : तोंडाचीच परीक्षा असती तं पास झाली असती. बाबा, तुमी एकदाबी इचारलं नाई पेपर कसा गेला. आई कालपासून मावशीकडंच हाये. तिनं काल सांजेलेच पाह्यला निकाल, मावशीच्या पोराच्या मोबाईलवर. मघा मूर्तिजापूरले तुमी खाली उतरले तवा फोन आला तिचा. म्हणे, पुन्हा बसतं का? मी म्हटलं, हाव. म्हणे, मंग ठीक, पुऱ्या तळून ठेवतो, थंड्या नको करू. इतकंच. रडली नाई, कूलर खोलला नाई.

भगवंत : मी एक विचारू काय? एवढं काय कठीण असते त्यात?

दामिनी : काका, एक प्रश्न असा होता का, कोणत्या आजारात लेकराच्या लघवीले मेपल नावाच्या झाडाच्या पाकासारखा वास येते. ते झाड आपल्याकडं नाई. त्याचा पाक अकोल्यात कोणी पाह्यला नाई. ते मले आलं. बरोबर आलं.

भगवंत : मग चुकलं काय?

दामिनी : जुलाबाचं.

भगवंत : जुलाबाचं तं मलेबी आलं असतं!

दामिनी : सगळ्यायले असंच वाटते. म्हणूनच ते चुकते.

रामराव : थोडक्यात गेली काय?

दामिनी : काय म्हटलं?

रामराव : काई नाई. इचारलं, थोडक्यात गेली काय म्हणून.

दामिनी : हाव. थोडक्यात. मागच्या खेपेपेक्षा लय जवळ आली. मले माहीत हाये कुठं गेली ते. मी थांबत नाई, बाबा. जोवर बसू देतात तोवर बसीन. ते थकतील इचारून इचारून. पन स्टेजवर जाऊन 'डॉक्टर' म्हणून शाल नाई घेणार. म्हटलं तं बडनेऱ्याले उतरवून द्या मले, मी ऑटोनं मावशीकडं जातो. नाईतं स्टेजवर येतो आन माईकवर सांगतो, नापास हाओ म्हणून. दोनपैकी एक.

भगवंत : सत्कारमूर्तींच्या मनोगताला कार्यक्रमपत्रिकेत वेळ नाही. प्रमुख पाहुण्यांना पुढे लग्न आहे.

दामिनी : मंग नापासाचाच सत्कार करा. तुमच्या समितीत बसते का तसं?

भगवंत : अशी तरतूद नाही. तथापि लेखी अर्ज आल्यास विचार होऊ शकतो.

दामिनी : मंग थांबवा गाडी. घ्या लिहून.

रामराव : भगवंता, थांबू नको.

भगवंत : दादा, थांबतो. तिनं अर्ज हा शब्द काढला आहे. उभा जन्म जिल्हा परिषदेत गेला माझा, अर्जाला नाही म्हणणं जमत नाही. समोर च्याची टपरी आहे. तीन सांगा. पेन आहे, पत्रिकेची मागची बाजू कोरी आहे. हं. प्रति, माननीय सचिव, गुणवंत सत्कार समिती.

दामिनी : सचिव तं तुमीच.

भगवंत : माझ्याकडे तो माझ्यामार्फतच येईल. तशीच पद्धत आहे. विषय : नापास अवस्थेत सत्कार मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की, मी अर्जदार कुमारी दामिनी रामराव ताथोड, सदर परीक्षेत अपेक्षित यश संपादन करू शकले नाही...

दामिनी : नापास लिहा.

भगवंत : अर्जात तसं लिहीत नाहीत. इतकी वर्षं अर्ज वाचले, कोणी स्वतःच्या हातानं 'नापास' लिहिलेलं पाहिलं नाही. 'समाधानकारक गुण प्राप्त होऊ शकले नाहीत' असं करू?

दामिनी : नाई.

भगवंत : 'निकाल प्रतिकूल लागला'?

दामिनी : काका.

भगवंत : 'यशाने हुलकावणी दिली'? हे तर किती छान आहे.

रामराव : नापास लिही रे.

भगवंत : दादा?

रामराव : कपाशीवर अळी पडते तवा मी काय म्हणतो? 'बोंडायनं हुलकावणी देली' म्हणतो काय? अळी पडली म्हणतो. आन पंप पाठीवर घेतो. लिही. मायी पोरगी नापास झाली. तिसऱ्या खेपेले. 'प्रथम प्रयत्नात' म्हणून जे कोरलं ना तुमी, त्याच्यावर खिळा घेऊन मी सोता खोडतो.

दामिनी : बाबा.

रामराव : काय बाबा? च्या पी. थंडा होऊन राहिला.

भगवंत : लिहिलं. 'नापास झाले आहे.' विचित्र दिसते कागदावर. बरं, पुढे?

दामिनी : पुढं लिहा, अर्जदार पुन्हा बसणार हाये. गरज पडली तं त्याच्यापुढंबी बसणार हाये. तोवर समितीनं काई कोरू नये.

रामराव : पुढचा फॉर्म कवा निघते?

दामिनी : एप्रिलच्या आसपास.

रामराव : जुलाबाचं नीट करजो मंग.

दामिनी : हाव.

भगवंत : आता मागणी. मागणीशिवाय अर्ज नुसता फाइलला लागतो. नेमकं पाहिजे काय तुम्हाला?

दामिनी : नावाआधी डॉ. म्हणायचं नाई. नावानंतर नापास म्हणायचं, मोठ्यानं. आन शाल सगळ्यायले देता तीच द्यायची, पातळ नाई.

भगवंत : शाल देऊ. बाकी निवेदक श्रावणराव आहेत. ते पत्रिकेत छापलंय तेच वाचतात, मागच्या वर्षी मुद्रकाचा पत्ताही वाचला होता. पण लिहितो. आणखी?

रामराव : मायंबी एक लिही.

भगवंत : तुम्ही अर्जदार नाही, दादा.

रामराव : बाप हाओ. सहीच्या खाली जागा हाये ना, तथी लिही. लोक टाळ्या वाजवतील. ते ठीक हाये, ते वाजवतेच. पन टाळी वाजवता वाजवता बाजूवाल्याकडं वाकतात ना... मी पह्यल्या रांगेत बसीन. मले मागचं दिसत नाई, पन समजते.

दामिनी : बाबा, ते कोण थांबवीन?

रामराव : अर्ज हाये ना? मंग मागू द्या मले. लिही, भगवंता. तुया भाषेत लिही.

भगवंत : लिहितो. ऐका, वाचून दाखवतो. 'सबब, माननीय समितीस अर्जदाराच्या वडिलांमार्फत नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदार मंचावर असताना व टाळ्या सुरू असताना, सभागृहातील कोणत्याही व्यक्तीने शेजारील व्यक्तीच्या कानाशी लागू नये, याबाबत आपल्या स्तरावरून उचित आदेश निर्गमित व्हावेत.'