मारुतीच्या देवळातल्या कुबड्या

मंडळी, मला बोलायची सवय नाही. घरून लिहून आणलं होतं. पण समोर नानांचा फोटो आहे, आणि नानांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापुढं कागद धरायला मन होत नाही. तेव्हा जमेल तसं बोलते. अडखळले तर सांभाळून घ्या.

आधी एक दुरुस्ती करायची आहे. तेराव्याला नानांच्या दारात मी बोलले, तेव्हा म्हणाले होते की नाना सुतारांच्या पडवीतून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही. तुम्ही माना डोलावल्या. नानांच्या मागं राहिलेल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. पण ते खरं नव्हतं. ऐकायला बरं वाटेल म्हणून मी बोलून गेले. माझं पहिलं शिक्षण घरी झालं, वडिलांजवळ; ते तेव्हा मास्तर होते. पाटीवर चूक झाली तर ते पुसू देत नसत. म्हणत, चूक दिसू दे, वर बरोबर लिही. म्हणून आज तुमच्यासमोर वर बरोबर लिहिते. एक पोर रिकाम्या हातानं परत गेली. मला माहीत होतं. मी तिथंच होते.

नानांची पडवी तुम्हाला ठाऊक आहे. काठ्या, कुबड्या, पांगुळगाडे, सायकलच्या चाकांवर बसवलेली ती खुर्ची. ज्याला लागेल त्यानं न्यावं. अट एकच. नाना म्हणायचे, "काम झालं की आणून टाक बाबा. दुसऱ्याला लागंल." माप ते दोरीनं घ्यायचे. काखेपासून जमिनीपर्यंत दोरी, मुठीच्या जागी एक गाठ. दाराजवळच्या खिळ्यावर ती दोरी टांगायची. माणसाच्या हातात वस्तू पडली की दोरी उतरायची. मी गेली दोन वर्षं दुपारी त्यांच्याकडं जायचे, दोऱ्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधायला.

आणि आपण काय केलं? नानांच्या शेजारचे तात्या वारले तेव्हा त्यांच्या कुबड्या सरणावर ठेवल्या. का, तर वर लागतील. नाना तिथंच उभे होते. आपल्या हातचं लाकूड जळताना बघत होते. घरी येताना मला म्हणाले, "वर सुतार न्हाईत व्हय गं?" मी हसले. आता हसू येत नाही. कितीतरी घरांत बऱ्या झालेल्या माणसांच्या कुबड्या माळ्यावर पडल्या आहेत. मागायला गेलं की म्हणतात, असू दे, परत पाय मोडला तर? अहो, परत मोडला तर परत या. त्यासाठीच तर पडवी होती.

पण मला सांगायचं आहे ते सालीचं. ती मागं आईजवळ बसली आहे. चिमाबाई, तिला जरा पुढं घ्या. साली सात वर्षांची आहे. तापानंतर तिचे पाय गेले. चिमाबाई दुष्काळी कामावर खडी फोडतात आणि ही दिवसभर ढिगाच्या सावलीला बसते. सावली सरकली की हातांवर सरकत जाते. शाळेचे आताचे गुरुजी म्हणाले, दारापर्यंत चालत आली तर बसवून घेतो. दसऱ्याला चिमाबाई तिला पाठीवर घेऊन पडवीत आल्या. नानांनी माप घेतलं, दोरी टांगली. पण लहान मापाची जोडी नव्हती. आणि नानांचे हात तेव्हा इतके थरथरत होते की रंधा धरवत नव्हता.

सालीला बसेल अशी लहान मापाची जोडी गावात होती. आहे. मारुतीच्या सभामंडपात तुळईला टांगलेली आहे. दौलतआबांचा नातू बरा झाला, तेव्हा आबांनी नवस फेडला. घंटा बांधली आणि शेजारी नातवाच्या कुबड्या टांगल्या. ते बघून आणखी दोघांनी टांगल्या. ज्यानं एका उडीत समुद्र ओलांडला, त्या मारुतीकडं आज कुबड्यांच्या तीन जोड्या आहेत. आणि सालीकडं एकही नाही.

आबा, तुम्ही पुढंच बसला आहात. आजचा हार तुम्ही आणलात. रागावू नका. मी तुमच्याकडं आले होते. तुम्ही म्हणालात, "अगं, त्या देवाच्या झाल्या."

मी म्हटलं, "आबा, त्या नानांच्या होत्या."

"नानाला न्हाई वाईट वाटलं. तू मास्तरांची पोर, तुला कशापायी एवढं?"

मी नानांकडं गेले. ते म्हणाले, "देवाला दिलेलं मागायचं न्हाई, पोरी. लोक काय म्हनतील?" एवढा कामाचा माणूस, पण भिडेपुढं हात टेकले. मला त्यांचा राग आला. आजही येतो. शोकसभेत असं बोलू नये, पण येतो.

आणि माझं काय? मी तीन वेळा देवळात जाऊन खालून बघून परत आले. पाप लागेल का, आबा काय म्हणतील, वर बांधलेला दोर मला सुटेल का. शेवटी वडिलांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू दान होत नाही." चार महिने मी हे मनात धरून बसले. तेवढ्यात नाना गेले. दोरी खिळ्यावर तशीच आहे.

परवा मी सालीचं माप पुन्हा घेतलं. दसऱ्यापासून एक बोट वाढली आहे. नाना लहान मुलांच्या कुबडीला खाली दोन बोटं वाढ ठेवायचे. म्हणजे एकच बोट उरलं. तेही सरलं की ती जोडी तिलाही पुरणार नाही. आपण काय, ती कुणालाच पुरेनाशी होईपर्यंत थांबायचं?

इथं सगळे म्हणाले, नानांचं स्मारक करू. कुणी ओटा म्हणालं, कुणी पाटी. ओटा नको, मंडळी. माळ्यावर चढा. तिथं जे असेल ते पडवीत आणून ठेवा. कुणी काही विचारणार नाही.

आता नानांसाठी दोन मिनिटं उभं राहून शांत राहू या. सालीला आधाराशिवाय उभं राहता येत नाही, ती बसूनच राहील. तिच्याकडं बघितलंत तरी चालेल.

त्याआधी एवढंच सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की न सांगता केलं. येत्या शनिवारी पौर्णिमा आहे. सकाळची आरती झाली की मी शिडी घेऊन सभामंडपात येईन. आबा, तुम्ही स्वतः उतरवून दिल्यात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तरी मी चढणार आहे.

नाना, माझा नमस्कार घ्या. सालीची दोरी शनिवारी उतरेल.