जबल उवैद लिहू नका

— अहो नाही, बसा हो पाहुणे, उठू नका, येतील ते. आमचे हे म्हणजे असे, वेळेचं नि त्यांचं कधी जमलंच नाही. चहा घ्या, रानपुदिना घातलाय. काय विचारलंत? डोंगराचं नाव? घ्या! साऱ्या सिनाईला ठाऊक आहे — जबल उवैद. उवैदचा डोंगर. आणि उवैद म्हणजे आमचे हेच की! जिवंतपणी डोंगराला नाव मिळालेला माणूस दुसरा दाखवा बरं. दारातून मान काढलीत की दिसतो — सगळा लाल, नि खांद्यापासून पायथ्यापर्यंत तिरपा गेलेला तो काळा पट्टा. लांबून वाटतो सरळ, जवळ गेलं की सात खिंडी, सगळ्या एकसारख्या. त्या पट्ट्याला तुम्ही शिकलेली माणसं काय म्हणता — वितळलेला दगड भेगेत शिरून थिजला, असंच ना? असेल. आम्हाला एवढंच कळतं, लाल दगडाच्या फटींतून पाणी झिरपत येतं नि काळा आडवा आला की अडतं. पट्ट्यामागे खणायचं, नशीब असेल तर लागतं.

हकिगत लिहून घेणार? लिहा. तीन वर्षं पाऊस नव्हता. बकऱ्या एकमेकींचे केस खायच्या. तेव्हा तरुण उवैद रानबकऱ्याच्या मागावर वर चढले, पट्ट्यामागे पाणी लागलं, कातड्याच्या दोन मसका, पाण्याच्या पिशव्या हो, भरून आणल्या नि पोरंबाळं जगली. चौथ्या दिवशी पाऊस आला, पुन्हा कुणाला वर जायची गरजच पडली नाही. ईद असो, लग्न असो, हीच गोष्ट. सांगताना ते डोळे मिटतात, मी आपली राखेतली भाकर उलटते. चाळीस वर्षं उलटतेय. छान आहे ना गोष्ट? खोटी आहे.

लिहिलंत? खोडा मग. पाणी हिलालाला लागलं. माझी थोरली बहीण. आमच्यात बकऱ्या पोरी चारतात — मग पट्ट्यापाशी कुठं हिरवं अंजीर उगवलंय हे कुणाला कळणार, तिला की सावलीत बसून मिशा पिळणाऱ्याला? सात दिवस हातांनी खणलं तिनं. वाट पुन्हा सापडावी म्हणून येता-जाता दगडावर दगड रचून ठेवले, तीन-तीन. उवैद आमचा चुलतभाऊ. चुलत्याच्या पोरीवर पहिला हक्क त्याचा, आमच्यात तशीच रीत — नि हिलालानं सगळ्यांदेखत नाही म्हटलेलं. त्याच्यापेक्षा बोकड बरा, म्हणाली, तो निदान वास लपवत नाही. हसा, हसा, तेव्हाही सगळे हसले होते. तो नाही हसला. तिच्या पाठोपाठ वर गेला नि उतरला एकटा. हिलाला? दिसलीच नाही म्हणे. महिन्यानं कड्याखाली सापडली.

पुरावा? सांगते ना. त्या दोन मसकांतल्या एकीच्या गळ्याला तांबड्या दोऱ्याचे टाके होते. माझ्या आईचे टाके. ती मसक त्या सकाळी हिलालाच्या पाठीला मीच बांधली होती, ह्या हातांनी. ओरडले मी — ही आमची, ही आमची! — तर बाबांनी मुस्काटात दिली. लोक पाणी पीत होते हो, कोण बोलणार? मीही प्यायले. ते पाणी मीही प्यायले, पाहुणे. आणि दोन वर्षांनी, थोरली गेली म्हणून धाकटी — मला त्यालाच दिली.

नाही, रडत नाहीये, धूर आहे. ते रचलेले दगड? मीच मोडले. एकूण एक. दर वसंतात बकऱ्या घेऊन जायचे, रास दिसली की लाथ. का म्हणजे काय? तिच्या दगडांच्या खुणेनं त्यानं का चालावं? मग तुमचा निरोप आला — नकाशावर पाण्याची जागा मांडायची, उवैदनं स्वतः वर न्यावं. अख्खी जमात जेवायला बसलेली, याचा घास हातातच. इतकी वर्षं कुणी म्हटलं चल दाखव, की याचा गुडघा दुखायचा. मी पडद्याआडून म्हटलं — चांगलं मोठ्यानं — दाखवतील की, त्यांच्याच नावाचा डोंगर, न दाखवायला काय झालं? सगळे म्हणाले वा! काय करतो मग? सोमवारी पहाटे निघाला, आधी एकट्यानं जागा हुडकून ठेवायला. बरोबर एक बाटली पाणी. लोकांना मी सांगितलंय, लेकीकडे गेलाय, किनाऱ्यावर.

आज गुरुवार. हो, मलाही मोजता येतं.

अहो, चहा सांडला! वाट विचारताय? सांगते. आधी तो कागद घ्या. उवैद खोडा, हिलाला लिहा. मला वाचता येत नाही, तेव्हा मोठ्यानं म्हणा. ... पुन्हा. ... अजून एकदा म्हणा. या घरात कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं हो कधी.

आता वाट? कुठली वाट, पाहुणे? ते दगड हीच वाट होती. माणसं गोळा करायची तर करा, मी अडवत नाही. निघा, ऊन चढतंय — आणि जाताना दार ओढून घ्या, बकऱ्या आत शिरतात.