चंद्रभानचं बिऱ्हाड

—आता कुलूप हलवून काय होते जी? हलवल्यानं थोडीच उघडते ते. सांगून राहिली ना मी, नाही कोणी घरात. गेले. कोठी गेले ते मले नाही मालूम. या, इकडे ओट्यावर सावलीत बसा. कोण म्हटलं तुम्ही? चंद्रभानचे आतेभाऊ? उमरेडचे? बरं. मी यमुताई, बाजूचीच. चोवीस वर्षं झाली या गल्लीत, अख्ख्या महाल वस्तीत त्या घरचं माझ्याइतकं कोणाले मालूम नसन — पण उमरेडले आतेभाऊ आहे हे काही कधी कानावर नाही आलं. राग नका मानू. दिवसच तसे आहे, कोणीही येते अन् विचारते. सांगा बरं, त्याच्या मायचं नाव काय? —भीमाबाई. हो, बरोबर. पण ते तं रेशनच्या दुकानातही कोणी सांगन.

काहून गेले म्हणता? लोक काहून जाते जी — पोटासाठी. हातमागात आता काय राहिलं? आखाजीचा सण झाला अन् दुसऱ्या दिवशी भर दुपारी निघाले. त्या उन्हात गल्लीत कुत्रंही नसते, कोणी पाहाले नको म्हणून — म्हणजे, गाडीचीच वेळ तशी होती. हातगाडीवर दोन पेट्या, वळकट्या, अन् रिक्षात प्रेमिला, त्याची बायको, लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन. बाजूले त्याची पोट्टी, गोपिका. डोक्यावरून पदर, हात पदरात लपवलेला — हात? कोणता हात? काही नाही, भाजला होता. स्वयंपाकात भाजतेच की बाईमाणसाचा. —पण उजव्या हाताची चारही बोटं भाजते का जी स्वयंपाकात? तुम्हीच सांगा! चुलीत धरल्याबिगर भाजते का?

हे मी काही बोलली नाही. तुम्ही ऐकलं नाही. पण आता भाऊच आहा म्हणता, तं ऐका — गोपिकाचं ते स्थळ मीच आणलं होतं. आणीबाणी उठली त्या साली. घर पाहिलं मी, पक्कं, विहीर, दारात बैलजोडी. माणसं नाही पाहिली. सहा महिन्यांत गोपिका परत आली, पायात चपला नाही. प्रेमिला म्हणे, राहू देते इथंच. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, अशानं पोरी नांदते का, चार दिवस गेले की जमते. मीच तिले सोडाले गेली सोबत. त्या घरी बसून चहा प्याली, अन् ती दारात उभी राहून पाहून राहिली होती, मी निघाली तरी पाहूनच राहिली होती… अन् दुसऱ्यांदा आली तं हे बोटं.

सासरचे तीनदा आले न्यायले. तिसऱ्यांदा तिचा दीर इथं, याच जागी उभा राहून म्हणे, कुठंही लपवा, उचलून नेऊ. अन् चंद्रभान? पन्नाशीचा माणूस — बापाच्या हातचा माग त्याचा — दुसऱ्या दिवशी सकाळी खोलाले बसला. मी म्हटलं, चंद्रभान, माग विकून राहिला का गा? म्हणे, यमुताई, माग दुसरा मिळते. बस, एवढंच. अन् आता दुसऱ्याच्या पॉवरलूमवर बारा-बारा तास उभा राहते. कार्ड आलं ना तिचं, गोपिकाचं, शिवण शिकून राहिली, डाव्या हातानं कात्री धरते म्हणे. अन् हे लोक 'काहून' म्हणते तं तिथले बाया हसते. गाव तरी केवढं दूर जी, स्टेशनचं नाव घेताना जीभ मोडते माझी — हातकणंगले — तिथून पुढं मोटारनं इचलकरंजी —

…

निघालं तोंडून गावाचं नाव, पण हरकत नाही. घरचेच आहा तुम्ही. पाणी आणते, थांबा. —काय म्हटलं? काय विचारलं तुम्ही आत्ता?

शोभा बरी आहे का?

या गल्लीत कोणी शोभा नाही जी. गोपिकाच्या बापानं, मायनं, मी, कोणीच तिले कधी शोभा म्हटलं नाही. ते नाव लग्नात तिच्या नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलं होतं, अन् ते नाव फक्त त्याच घरात चालते. वर पाहा. पाहा ना वर! दीर तं मी ओळखते. तुम्ही कोण — त्या घरचे मामा? त्यांचे जावई? की नुसतं विचाराले पाठवलेलं माणूस?

बरं. कोणीही असा. मी बोलली तेवढं लय झालं. अशी कशी मी — एकदा हातानं नेऊन दिली तिले, आज तोंडानं देऊन बसली. पण ऐका. तुम्ही आज गाडीत बसले तरी उद्या पोचान. तार आजच पोचते. चौथी शिकली आहो मी, पत्ता पाठ आहे, अन् तारघरात कोणाले विचारायची गरज नाही मले. अन् पुढचं बिऱ्हाड कोठी मांडते ते या खेपेला मले सांगूच नका म्हणून त्याच तारेत लिहिते.

पाणी नाही मिळत इथं. उठा. उठता, का गल्ली गोळा करू?