फोंगच्या बापाचा विस्तव

वादळ ओसरल्यावर आम्ही लेवुका गावात पावासाठी रांगेत उभे होतो. बेकरीवाला फोंग दारातच शेजारच्या दयाराम शिंप्याशी बोलत होता.

"आज पाव नाही, दयाराम. भट्टीत पाणी शिरलं. बापाने पेटवलेला विस्तव साठ वर्षांनी माझ्या हातून विझला."

"मग काडी ओढ."

"काडीने भट्टी पेटेल रे. बापाचा विस्तव कुठून आणू?"

"माझी इस्त्री रोज पहाटे कुणाच्या निखाऱ्यांवर तापते?"

"माझ्या. फुकट्या आहेस तू."

"मग हे इस्त्रीचं झाकण उघड. दोन रात्री करवंट्या घालून जपलाय."

"दयाराम, हा अजून लाल आहे."

"धर. उद्यापासून फुकट्या म्हणू नकोस."

फोंगने आधी पायातल्या चपला काढल्या, मगच इस्त्री हातात घेतली.