उतारावरचा नमस्कार

हसलात तर चहा परत घेईन, आधीच सांगतो! एसटी यायच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या तेव्हाची गोष्ट. मलकापूरहून कोल्हापूरला येत होतो. ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली म्हणून खुशीत होतो. घाटाच्या उतारावर जोतिबाचा डोंगर समोर आला आणि अख्खी मोटार ओरडली, "चांगभलं!" सगळ्यांनी हात जोडले. ड्रायव्हरनंही जोडले. दोन्ही! वर डोळेसुद्धा मिटले.

डाव्या अंगाला दरी. मी झडप घालून स्टेअरिंग धरलं आणि बोंबललो, "अहो, हात! हात!"

"एका हातानं नमस्कार करत्यात व्हय, पावणं?" डोळे न उघडताच तो म्हणाला.

मागून एक म्हातारी खेकसली, "देवाच्या वक्ताला कशाला वरडतंय ते?"

सावकाश नमस्कार आटोपून त्यानं स्टेअरिंग परत घेतलं. कोल्हापूर येताच मी सगळ्यांच्या आधी खाली उडी मारली. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "परत जाताना बी हितंच बसा की! तुम्ही धरलंसा म्हणून आज पयल्यांदा निवांत नमस्कार झाला बघा."