राखेनं घासलेला फिल्टर

वाशीमच्या स्टँडामागं माणिकरावांच्या मोटार-सामानाच्या दुकानात जगदेव फॅनबेल्टसाठी थांबला होता. त्याच्या पुढं उभ्या विजयमालाबाईंनी पदराखालून नवऱ्याच्या जीपचा जुना ऑईल फिल्टर काढून माणिकरावांसमोर ठेवला.

“असाच द्या भाऊ.”

“याच्यावर नंबर होता बाई. कुठी गेला?”

“राखेनं घासला मी. तसा तेलकट कसा आणावा दुकानात?”

“नंबरच घासून टाकला तुमी. याच्यात दोन येतात. दिसाले सारखे, पण एक जराक जड रायते. इंद्रभानभाऊले इचारून या.”

“त्यायची वाचा गेली पोळ्याले. उजवा हातही गेला.”

“मंग तेल कोण बदलून राह्यलं?”

“मीच. दर खेपेले पाने मीच तं देत होती त्यायले.”

“अन् गाडी चालवते कोण?”

“कोनीच नाई. सकाळी नुसती चालू करा लागते. आवाज आला का मंगच ते चहा घेतात.”

जगदेव मागच्या बाकावर टेकला. माणिकरावांनी दोन डबे पुढं सरकवले.

“दोन्ही घेऊन जा. एक एक त्यायच्या डाव्या हातात द्या.”

“त्यानं काय समजन?”

“वीस वर्षं त्यायनंच खोलली हे गाडी. चुकीचा असन तं हातच खाली ठेवन.”